अनुकरणाची नीती : संहिता, यंत्र आणि वेळ

मराठी समीक्षेत ‘अनुकरण’ हा शब्द बहुधा निंदेच्या सुरात उच्चारला जातो. एखादा कवी मर्ढेकरांचे अनुकरण करतो असे म्हटले, की त्याच्या कवितेविषयी अधिक काही बोलण्याची जबाबदारी समीक्षकावर उरत नाही. काव्यशास्त्रात या शब्दाची प्रतिष्ठा याच्या नेमकी उलट आहे. भरताने नाट्याला लोकवृत्ताचे अनुकरण म्हटले, अॅरिस्टॉटलने शोकात्मिकेची व्याख्याच अनुकृतीच्या संकल्पनेवर उभारली, आणि या दोन्ही परंपरांत ‘अनुकरण म्हणजे नेमके कशाचे अनुकरण’ या प्रश्नावर शतकानुशतके वाद झाला. हा वाद आज पुन्हा उकरून काढण्याचे कारण साहित्याच्या बाहेरचे आहे. नाणे टाकून खेळायच्या जुन्या व्हिडिओ खेळांना दुसऱ्याच जातीच्या, कित्येकदा जुनाट आणि दुबळ्या संगणकांवर जिवंत ठेवण्याची एक रीत गेल्या तीन दशकांत रूढ झाली आहे. हे काम करणाऱ्या आज्ञावलीला ‘एम्युलेटर’ म्हणतात. या रीतीने मूळ आणि प्रत, निष्ठा आणि अपभ्रंश, हक्क आणि जतन यांविषयीच्या आपल्या समजुतींपुढे काही अवघड प्रश्न उभे केले आहेत, आणि ते आपल्या पाठचिकित्सेच्या परंपरेला परके नाहीत.

विषय या पृष्ठांना शोभणारा नाही असा आक्षेप येईल. त्याला कायद्याचे उत्तर आहे. भारतीय प्रतिलिप्यधिकार अधिनियम १९५७ चा. त्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि ‘साहित्यकृती’ या संज्ञेच्या व्याख्येत संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश झाला. तेव्हापासून खेळ चालवणारी आज्ञावली आणि कादंबरी या कायद्याच्या लेखी एकाच पंक्तीला बसलेल्या आहेत. कायदा करणाऱ्यांना सौंदर्यशास्त्राची चिंता नव्हती हे उघड आहे. तरीही त्यांनी नकळत एक सैद्धान्तिक विधान केले आहे, आणि ते तपासणे हे आपलेच काम आहे.

एम्युलेटर काय करतो हे आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण ‘नक्कल’ या सैल शब्दाने येथे घोटाळा होतो. जुना खेळ नव्या यंत्रावर आणण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला रूपांतराचा : मूळ खेळ पाहायचा आणि तो नव्या यंत्राच्या भाषेत पुन्हा लिहायचा. दुसरा मार्ग एम्युलेटरचा. त्यात खेळाला हातही लावला जात नाही. मूळ यंत्रातील चिपमध्ये कोरलेली आज्ञावली अक्षरशः जशीच्या तशी उतरवून घेतात आणि नव्या संगणकाकडून जुन्या यंत्राचे सोंग आणवतात. जुन्या प्रोसेसरची एकेक आज्ञा वाचायची, तिने मूळ यंत्रात काय घडले असते ते ठरवायचे आणि तेवढेच घडवून आणायचे. आज्ञावलीच्या दृष्टीने पाहिले तर आपण परक्या घरी आहोत याचा तिला पत्ताच नसतो. येथे अनुकरण कृतीचे होत नाही, कृतीच्या जगाचे होते. १९९७ च्या फेब्रुवारीत निकोला साल्मोरिया या इटालियन तरुणाने ‘मेम’ नावाचा जो एम्युलेटर प्रसिद्ध केला, त्याने नाण्यावर चालणाऱ्या अक्षरशः हजारो यंत्रांची सोंगे पुढे एका छत्राखाली आणली.

‘सोंग’ हा शब्द मी हेतुपुरस्सर वापरतो. नकलेत मूळ आणि नकलाकार यांच्यातले अंतर दिसत राहावे लागते. त्या अंतरातूनच हसू येते. भारुडातले सोंग निराळे. सोंग आणणारा काही काळ त्या भूमिकेचे सर्व नियम स्वतःवर लादून घेतो. याच शब्दाभोवतीची एक म्हण आपल्या विषयाच्या गाभ्याशी पोचते : सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. अॅलन ट्यूरिंगने १९३६ साली सिद्ध केले की एक सार्वत्रिक यंत्र दुसऱ्या कोणत्याही गणनयंत्राचे काम करून दाखवू शकते. मात्र किती वेळात, याची हमी त्या सिद्धतेत नाही. दुबळे यंत्र सबळ यंत्राचे प्रत्येक पाऊल बिनचूक टाकू शकते. फक्त ते उशिरा टाकते. यंत्राच्या जगात पैशाच्या जागी वेळ आहे, आणि त्याचे सोंग आणता येत नाही.

छापील कवितेच्या बाबतीत ही मर्यादा गौण ठरली असती. कविता सावकाश वाचली म्हणून संहिता बदलत नाही. खेळाची गोष्ट तशी नाही. १९७८ साली जपानच्या तायतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ पाहावा. पडद्यावर ५५ आक्रमक रांगा धरून उतरत असतात. आजच्या मानाने अतिशय मंद अशा, सुमारे २ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला एका क्षणचित्रात त्यांपैकी एकच पुढे सरकवता येत असे. साहजिकच ५५ जण असताना सगळी फौज एक पाऊल टाकायला जवळजवळ एक सेकंद लागे. जसजसे आक्रमक मरत, तसतशी उरलेल्यांची पाळी लवकर येई आणि ते अधिकाधिक वेगाने चालून येत. शेवटचा एकटा उरलेला तर झपाट्याने धावे. त्या जोडीला खाली उतरत जाणारे चार खर्जाचे स्वर, तेही हळूहळू द्रुत होत जाणारे. खेळाची सारी भीती, सारा ताण या लयवाढीत आहे, आणि ही लय यंत्राच्या दुर्बलतेतून जन्मली आहे. निशिकादोंनी तो दोष दुरुस्त केला नाही, ठेवला. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये सौंदर्याचे मूळ माध्यमाच्या संवेदनांमधील लयबद्ध संबंधांत शोधले होते. त्यांच्या सिद्धान्ताला इतके शुद्ध उदाहरण त्यांना हयातीत मिळणे शक्य नव्हते. माध्यमाचा अडसर हाच येथे लयीचा कर्ता आहे.

म्हणून या खेळाचे रूपांतर करणारा एखादा कुशल लेखक सर्व ५५ आकृत्या एकाच वेळी सफाईने हलवील, तर त्याने प्रत्येक चित्र अचूक काढूनही कृती गमावलेली असेल. उलट एम्युलेटरला लय म्हणजे काय हे सांगावे लागत नाही; त्याने प्रोसेसरचे कूर्मगतीचे नियम पाळले की लय आपोआप येते. हाच न्याय दोषांनाही लागू आहे. नामको कंपनीच्या १९८० मधील ‘पॅकमॅन’मध्ये २५६ व्या टप्प्यावर पोचले की पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक अक्षरांनी भरून जातो. टप्प्याचा आकडा एका बाइटात ठेवलेला आहे, तो २५५ च्या पुढे शून्य होतो, आणि फळांची चित्रे काढणारा भाग भरकटतो. एम्युलेटरवरही हाच पडदा याच टप्प्यावर फुटतो. कोणी त्याला ही चूक शिकवलेली नसते. पोथ्यांची घराणी समान अशुद्धींवरून ठरतात हे पाठचिकित्सेचे पहिले सूत्र आहे. शुद्ध पाठ कोणीही स्वतंत्रपणे गाठू शकतो. चूक मात्र वारशानेच येते.

आता दुबळ्या यंत्राकडे येऊ, कारण नैतिक प्रश्न तेथे सुरू होतो. एम्युलेटरला जुन्या यंत्राच्या एका आज्ञेसाठी नव्या यंत्राच्या अनेक आज्ञा खर्चाव्या लागतात, आणि सोंग जितके सूक्ष्म तितका खर्च अधिक. ब्यू या टोपणनावाने काम करणाऱ्या एका एम्युलेटरकर्त्याने २०११ साली असे प्रतिपादन केले की निन्तेन्दोच्या सुपर निन्तेन्दो या घरगुती यंत्राचे निर्दोष अनुकरण करायचे तर ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर हवा. मूळ यंत्राचा प्रोसेसर ४ मेगाहर्ट्झचाही नव्हता. म्हणजे निष्ठेची किंमत मूळच्या जवळजवळ हजारपट. ‘मेम’च्या कर्त्यांची भूमिकाही याच दिशेची आहे. त्यांच्या मते त्यांचे कार्य नाहीशा होणाऱ्या यंत्रांचे दस्तऐवजीकरण हे आहे. खेळ खेळता येतो ही त्या दस्तऐवजाच्या अचूकतेची केवळ एक कसोटी. परिणामी नव्या आवृत्त्या अधिक अचूक आणि अधिक जड होत गेल्या, आणि ज्यांच्याकडे कमी शक्तीची यंत्रे आहेत ते जुन्या, कमी अचूक आवृत्त्यांना चिकटून राहिले. २०१२ नंतर आलेल्या रास्पबेरी पायसारख्या स्वस्त, तळहाताएवढ्या संगणकांवर आजही २००३ च्या सुमाराची ‘मेम’ची आवृत्ती आवर्जून वापरली जाते.

ही फूट आपल्या परिचयाची आहे. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ साली हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ही विद्वत्तेची अपूर्व निष्पत्ती आहे. परंतु त्या संहितेतले महाभारत कोणत्याही गावात, कोणत्याही काळी, त्या नेमक्या रूपात कोणी ऐकलेले नाही. राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून ज्ञानेश्वरीचा पाठ प्रसिद्ध केला, तेव्हा अभ्यासकांना तो मोलाचा वाटला. पारायणाच्या मांडीवरची पोथी मात्र शके १५०६ मध्ये नाथांनी शुद्ध केलेल्या परंपरेचीच राहिली. अभ्यासकाची संहिता आणि वाचकाची संहिता यांत ताण असतो, आणि तो केवळ अज्ञानाचा व ज्ञानाचा ताण नसतो.

हिंगोली जिल्हा १९९९ च्या १ मे रोजी परभणीपासून वेगळा झाला. त्यानंतरच्या काही वर्षांत वसमत, कळमनुरी यांसारख्या तालुक्याच्या गावांत जी नेट कॅफेवजा दुकाने निघाली, तेथील संगणक शहरांनी टाकून दिलेल्या पिढीचे असत. भारनियमनाच्या वेळापत्रकाभोवती त्यांचा दिवस बेतलेला असे. अशा संगणकांवर मुलांनी जो खेळ सर्वांत अधिक खेळला, त्याचे नाव त्यांना विचारले असते तर त्यांनी ‘मुस्तफा’ असे सांगितले असते. कॅपकॉम कंपनीच्या १९९३ मधील या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’. मार्क शुल्ट्झ यांच्या अमेरिकन चित्रकथेवर तो बेतलेला आहे. त्यातील चार नायकांपैकी मुस्तफा कैरो हा एक, सर्वांत चपळ. भारतभर खेळाला त्याचेच नाव पडले. ग्रंथाचे नाव लेखकाने ठेवायचे असते हा अलीकडचा संकेत झाला. आपल्याकडे ‘भावार्थदीपिका’ची ‘ज्ञानेश्वरी’ लोकांनीच केली.

दुबळ्या संगणकावर हा खेळ पूर्ण गतीने चालत नसे. त्यावर दोन उपाय होते. एक म्हणजे खेळ संथ होऊ द्यायचा. दुसरा म्हणजे मधली काही क्षणचित्रे न काढताच पुढे जायचे, म्हणजे वेळ टिकवून चित्र गाळायचे. बहुतेक ठिकाणी या दोहोंचे मिश्रण असे, आणि आवाज बंद केला की यंत्राचा आणखी थोडा भार हलका होई. घरच्या टीव्हीला जोडायच्या, कॅसेट घालून खेळायच्या यंत्रांत असेच काही याआधी घडलेले होते. निन्तेन्दोच्या १९८३ मधील फॅमिकॉमची ती नकली यंत्रे. जपानी टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रेखाटतो, आपला पाल पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. खेळ पडद्याच्या रेखाटनागणिक एक पाऊल पुढे जातो. त्यामुळे पालशी जुळवलेल्या नकली यंत्रावरचा ‘कॉन्ट्रा’ मूळ गतीच्या पाच षष्ठांश गतीने चाले. संगीतही तितकेच विलंबित होई. ज्या पिढीने तो तसाच ऐकला, तिला मूळ गतीचा खेळ भरधाव वाटतो.

प्रश्न असा की या पिढीने काय अनुभवले? अपभ्रंश? शंकुकाच्या अनुकृतिवादावर भट्टतौताने घेतलेला आक्षेप येथे आठवतो. (शंकुकाचा ग्रंथ नष्ट झाला, तो आपल्याला कळतो तो त्याचे खंडन नोंदवणाऱ्या अभिनवगुप्ताकडून. जतनाचे काम कित्येकदा विरोधक करतात.) नट रामाचे अनुकरण करतो असे म्हणायचे, तर अनुकरण ओळखण्यासाठी मूळ पाहिलेले असले पाहिजे, रामाला कोणी पाहिले आहे? हाच आक्षेप येथे लागू केला तर असे दिसते की वसमतच्या मुलाने मूळ यंत्र, त्याची लाकडी पेटी, तिचा दांडा आणि ठोकायची बटणे कधी पाहिलीच नव्हती. त्याच्यापुरते एम्युलेटरने कशाचेही अनुकरण केले नाही. त्याच्यासमोर खेळ प्रथमच अवतरला. बाहेरून पाहणाऱ्या अभ्यासकाला जी तूट दिसते ती त्या अनुभवाच्या आत तूट म्हणून अस्तित्वातच नव्हती.

या युक्तिवादाने मी बराच काळ समाधानी होऊ शकलो असतो, कारण तो उदार आहे आणि आपल्या बाजूचा आहे. परंतु त्यात एक फट आहे. आस्वादकाला तूट जाणवत नाही यावरून तूट नाही असे सिद्ध होत नाही. असे मानले तर कोणत्याही वाईट भाषांतराचे, मूळ न वाचलेल्या वाचकाच्या साक्षीने, समर्थन करता येईल. संथ ‘मुस्तफा’ हा एक पाठ आहे, आणि त्याचा इतिहास लिहिला गेला पाहिजे हे मला मान्य आहे. तो कॅपकॉमच्या पाठाइतकाच खेळाविषयी सांगतो हे मान्य नाही. चुकवण्यासाठी मिळणारा निमिषमात्र काळ हा त्या खेळाचा अर्थ आहे; तो दीडपट झाला की शत्रू तोच राहतो, धोका तो राहत नाही. येथे ‘स्पेस इन्व्हेडर्स’ची गोष्ट उलटी होऊन समोर येते. तेथे यंत्राच्या मंदपणाचे निर्मात्याने सौंदर्यात रूपांतर केले होते. येथे मंदपणा कोणी निवडलेला नाही, तो दारिद्र्याने लादलेला आहे. लादलेल्या गोष्टीला लोकांनी आपलेसे केले, हे त्यांचे कर्तृत्व. तिला परंपरा म्हणून गौरवणे हे मात्र बहुधा अभ्यासकाचे सुखवस्तू औदार्य असते. आणि निर्दोष निष्ठेसाठी हजारपट शक्तीचे यंत्र मागणारी शुद्धतावादी भूमिका? ती ज्ञानाच्या दृष्टीने बरोबर आहे. पण ती शुद्ध पाठाची प्रत ज्याच्या हाती पडू शकते अशांपुरतीच पोचते, आणि त्याची तिला फारशी क्षिती नाही.

यापेक्षाही एक खोल फरक आहे, आणि तो कोणत्याही गतीच्या यंत्राने भरून येत नाही. ‘मेम’मध्ये ५ ची कळ दाबली की यंत्रात नाणे पडल्याचा संकेत जातो. आज्ञावलीला खरे नाणे आणि हा संकेत यांत भेद करता येत नाही. पण हे खेळ नाण्यासाठी रचलेले होते. खेळाडूला काही मिनिटांत मारायचे, परंतु आणखी एक नाणे टाकावेसे वाटेल इतक्या जवळ नेऊन मारायचे, हे त्यांचे रचनातत्त्व आहे. पार्लरमध्ये मरणाला किंमत होती. ती घरून मिळालेल्या पैशांतून चुकती होई आणि मागे पाळी लावून उभा असलेला मुलगा तिचा साक्षी असे. कळ दाबून अमर होणाऱ्या खेळाडूसमोर तीच चित्रे, त्याच क्रमाने, त्याच गतीने येतात, आणि तरी ज्या शोकात्म रचनेवर खेळ उभा होता ती नाहीशी झालेली असते. संहिता पूर्ण, यंत्र पूर्ण, वेळही पूर्ण. गेला तो व्यवहार. कीर्तनातला अभंग गाथेत छापला जातो तेव्हा काय गळते याचा विचार नामदेवांचे परंपरेने मानलेले जन्मस्थान असलेल्या नरसीच्या परिसरात राहणाऱ्याला नवा नाही. त्या गाथेचा पाठही एकसंध नाही. १९७० च्या शासकीय गाथेत विष्णुदास नाम्यासारख्या उत्तरकालीनांची रचना मिसळलेली आहे, तर १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे वेगळ्या लिपीत, वेगळ्या भाषिक परिसरात स्थिरावली. खेळांच्या जगातही प्रक्षेप सर्वमान्य होतो : ‘मिस पॅकमॅन’ हा १९८२ चा गाजलेला खेळ मुळात ‘पॅकमॅन’च्या यंत्राला बाहेरच्या तरुणांनी लावलेली बदलाची जोड होती. ‘मेम’ हे सारे पाठ, चोरट्या नकलांसह, मूळ आणि शाखा अशा वंशवृक्षात नोंदवतो. हा विवेक आपल्या गाथासंपादकांनी दाखवला असता तर आपले पुष्कळ काम सोपे झाले असते.

राहिला हक्काचा प्रश्न. एम्युलेटर स्वतः चोरी करत नाही. त्याला लागणारी आज्ञावली बहुतेक वेळा विनापरवाना उतरवलेली असते. कायद्याच्या ५२ व्या कलमात प्रत काढण्याची मुभा आहे, पण ती आज्ञावली कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आहे त्याला. नेट कॅफेतला मुलगा त्यात बसत नाही. त्याच्या बाजूने असे म्हणता येईल की ‘मुस्तफा’ची घरगुती आवृत्ती त्या काळात निघालीच नाही, २०१८ साली कॅपकॉमने अशा प्रकारच्या सात खेळांचा संग्रह काढला त्यातही तो नव्हता. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार २०१० पूर्वी तेथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात कायदेशीरपणे मिळत नाहीत. तरीही ‘विकत मिळत नाही’ यातून ‘घेण्याचा हक्क आहे’ असा निष्कर्ष तर्काने निघत नाही, आणि दुर्मीळ पुस्तकांच्या झेरॉक्सवर ज्यांचे शिक्षण झाले अशा आपण सर्वांनी हा निष्कर्ष काढताना थोडे अडखळावे हे बरे.

पण एक उदाहरण असे आहे की तेथे मी अडखळत नाही. कॅपकॉमने १९९३ पासून वापरलेल्या सीपीएस-२ या यंत्रव्यवस्थेत आज्ञावली कूटबद्ध असे आणि ती उलगडण्याची किल्ली एका बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतीत ठेवलेली असे. नकला टाळणे हा हेतू. बॅटरी काही वर्षांनी मरे. तिच्याबरोबर किल्ली, आणि किल्लीबरोबर खेळ. ज्याने ते यंत्र पूर्ण मोल देऊन घेतले त्याच्याही हाती निर्जीव पाटी उरे. लेखकाने आपल्या ग्रंथात वाळवी घालून तो विकावा तसा हा प्रकार. २००७ साली साल्मोरिया आणि अँड्रियास नाइव्ह यांनी त्या कूटलेखनाची रीत उलगडली. महानुभावांची सकळ लिपीही परक्यांपासून ग्रंथ राखण्यासाठीच होती, आणि राजवाड्यांनी ती उलगडली म्हणून त्या पंथाचे वाङ्मय मराठीच्या इतिहासात आले. पंथीयांना ते रुचले नाही, आणि त्यांची बाजू सर्वस्वी चुकीची होती असे मी म्हणणार नाही. मात्र त्यांनी लिपीची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या जिवंत शिष्यांकडे सोपवली होती. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली तेव्हा त्याच शिष्यपरंपरेने ते स्मरणातून पुन्हा उभे केले, पाठभेदांसह. कॅपकॉमने किल्ली सोपवली ती बॅटरीकडे.